१९६७ ची मॉरिस मायनर : चढावर पळते, सपाटीवर बंद पडते

मायनर१०९८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मागच्या ऑक्टोबरात आमच्या घरी १९६७ ची मॉरिस मायनर १००० आली. चार दारांची, १०९८ सीसीचं ए-सिरीज इंजिन, एकच एसयू कार्बुरेटर, डायनॅमो, आणि अजूनही पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला. आधीच्या मालकांनी ती जिवापाड सांभाळली होती, पण शेवटची चार वर्षं गॅरेजात उभीच होती. इंग्लंडच्या दमट हवेत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, हे ब्रेक उघडल्यावर कळलं.

हिवाळाभर जे केलं ते आधी सांगतो, मग दुखणं.

सगळ्यात वेळखाऊ ठरले ते ब्रेक. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पोकळ पट्टीत बसवलेला असतो. तेल घालायचं तर गालिचा उचलून जमिनीतल्या झाकणातून. काढायचा तर बोल्ट बाहेर यायला टॉर्शन बार (सस्पेन्शनची पिळणारी दांडी) आडवा येतो. तीन शनिवार त्यात गेले. चारी ड्रमचे सिलिंडर नवे घातले, लोखंडी नळ्या काढून कुनिफरच्या (तांबं-निकेलच्या) टाकल्या, आणि शू सेट केले : अॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवायचा, मग एक टिचकी मागे. पुढच्या ड्रमला दोन-दोन अॅडजस्टर आहेत, हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. एकच सेट केला होता आणि पेडल खोल का जातंय म्हणून परत परत हवा काढत बसलो होतो.

बाकीचं भराभर झालं. २०-५० ऑइल, फिल्टर, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) ०.०१२ इंचावर (इंजिन थंड असताना), प्लग ०.०२५, आणि सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, ०.०१५. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण जुने बोटाने दाबले की तडकत होते.

आता दुखणं. गाडी सुंदर सुरू होते, गरम होते, पंधरा-वीस मिनिटं चालते आणि मध्येच बंद पडते. बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. आतापर्यंत सहा वेळा झालं. मी पेट्रोलचा पंप बदलला, मग कंडेन्सर, मग कॉइल. फरक शून्य. आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं असा विचार आहे. कोणाला असा अनुभव आहे का?

रानजाई

स्वागत! आमच्याकडे मायनर ट्रॅव्हलर आहे, मागे लाकडी चौकटवाली. दारात मायनर उभी आहे म्हणजे आपण एका घरातलेच झालो.

दुखण्याबद्दल : टाकीचं झाकण बघितलंत का? झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढू शकत नाही, आणि थोडा वेळ थांबलं की हवा शिरून पुन्हा चालू. आमचं एकदा तसंच झालं होतं. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच झाकण उघडा आणि सुस्कारा ऐकू येतो का पाहा.

तेलकट_हात

माझं मत कंडेन्सर. नवा टाकला म्हणजे चांगला टाकला असं नसतं. हल्ली मिळणारे कंडेन्सर गरम झाले की मान टाकतात, तीच गत रोटर आर्मची. मी जुना, वापरलेला पण चालणारा कंडेन्सर डबीत जपून ठेवतो आणि संशय आला की तो लावून बघतो.

आर्मेचर

माझ्याकडे १९६५ ची एमजीबी आहे, तीही पॉझिटिव्ह अर्थ, म्हणून एक वेगळी गोष्ट विचारते. नवी कॉइल बसवलीत तेव्हा तारा कुठे जोडल्यात? जुन्या ल्युकास कॉइलवर एसडब्ल्यू (स्विचकडे) आणि सीबी (पॉइंटकडे) असं लिहिलेलं असतं. नव्यावर अधिक आणि वजा. आपल्या गाड्यांत कॉइलचं अधिक टोक डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे, जायला हवं. सवयीने वजा टोक तिकडे गेलं तर ठिणगी उलट्या दिशेने उडते. गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि प्लग जुने झाले की ती मिसिंग करायला लागते. याने गाडी बंद पडणार नाही, पण तपासून घ्या.

मायनर१०९८

> आपल्या गाड्यांत कॉइलचं अधिक टोक डिस्ट्रिब्युटरकडे

आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. वजा टोकच डिस्ट्रिब्युटरला जोडलं होतं. तारा अदलाबदल केल्या. मनापासून आभार, ताई. उद्या फेरी मारतो.

रानजाई, झाकण पाहिलं, भोक मोकळं आहे.

ओळंबा

इलेक्ट्रॉनिक इग्निशन आत्ता घेऊ नका. त्या यंत्राविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, माझ्या एका गाडीत ते उत्तम चालतं. पण रोग कळायच्या आधी घेतलेलं औषध आहे ते. पंप, कंडेन्सर, कॉइल अशा तीन नव्या वस्तू तुम्ही आधीच घातल्यात. म्हणजे आता गाडीत एक जुना बिघाड आणि तीन नवे संशयित आहेत.

मी चाळीस वर्षं फिटरचं काम केलं. बंद पडणाऱ्या गाडीला हात लावायच्या आधी मी मालकाला बसवून प्रश्न विचारत असे. तुम्हालाही विचारतो, आठवून उत्तर द्या.

बंद पडते ती कशी? दिव्याचं बटण बंद केल्यासारखी एका क्षणात, की आधी आचके देते, ओढ कमी होते, मग थांबते? पहिलं असेल तर ठिणगी, दुसरं असेल तर पेट्रोल. शंभरातल्या नव्वद वेळा हे खरं निघतं.

कुठे बंद पडते? चढावर, उतारावर, वळणावर, सिग्नलला? कोणता गिअर, पाय किती दाबलेला?

आणि वीस मिनिटं थांबणं खरंच लागतं का, की तुम्ही थांबता म्हणून ती थांबते?

मायनर१०९८

काका, तुमचे प्रश्न वाचले आणि वही घेऊन बसलो. प्रत्येक वेळचा रस्ता डोळ्यांसमोर आणला. लिहितो तसंच :

एका क्षणात बंद पडते. आचका एकदाही नाही.

सहाही वेळा सपाटीवर किंवा हलक्या उतारावर, चौथ्या गिअरमध्ये, ताशी ४० मैलांच्या आसपास, पाय जेमतेम टेकलेला. चढावर एकदाही नाही. आमच्या घराजवळ चांगला लांब चढ आहे, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून जावं लागतं, तिथे ती कधीच बंद पडलेली नाही. हे लिहिताना माझं मलाच आश्चर्य वाटलं.

वीस मिनिटांचं : पाच वेळा थांबलो. एकदा मागे लॉरी होती, घाबरून चालत्या गाडीतच किल्ली फिरवली, क्लच सोडला, आणि ती लगेच चालू झाली. हे मी विसरूनच गेलो होतो.

आर्मेचर

तो चढ म्हणजे फार मोठा पुरावा आहे! पेट्रोल कमी पडत असतं तर सगळ्यात आधी चढावरच पडलं असतं, तिथेच इंजिन सगळ्यात जास्त पितं. आणि गरम झालेला कंडेन्सर लॉरीकडे बघून थंड होत नाही. पंप, झाकण आणि उष्णता, तिन्ही बाद.

मग सपाटीवर, हलक्या पायाने, असं काय असतं जे चढावर नसतं? मला वाटतं ओळंबाकाकांच्या मनात तेच आहे जे माझ्या मनात आहे.

ओळंबा

व्हॅक्युम. बरोबर ओळखलंत.

नव्या लोकांसाठी जरा सविस्तर सांगतो. डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला एक चपटी डबी असते, तिच्यातून बारीक नळी कार्बुरेटरला जाते. पाय हलका असला की बटरफ्लाय (कार्बुरेटरची हवेची झडप) थोडीच उघडी असते, नळीत ओढ तयार होते, डबीतला पडदा खेचला जातो आणि त्याला जोडलेली प्लेट, जिच्यावर सीबी पॉइंट बसवलेले असतात, ती थोडी फिरते. ठिणगी लवकर पडते, पेट्रोल वाचतं. पाय पूर्ण दाबला की बटरफ्लाय सताड उघडते, ओढ संपते, प्लेट जागेवर येते. गाडी जागच्या जागी आयडलला असतानाही या कार्बुरेटरवर नळीत ओढ जवळजवळ नसते.

म्हणजे ती प्लेट नेमकी सपाटीवरच, हलक्या पायालाच फिरलेली असते. आणि प्लेट फिरते म्हणून तिच्यावर येणाऱ्या दोन तारा प्रत्येक वेळी वाकतात. एक कॉइलकडून पॉइंटकडे येणारी, दुसरी प्लेटला अर्थ देणारी छोटी तार. पन्नास-साठ वर्षं वाकून वाकून आतले धागे तुटतात. वरचं कापडी आवरण मात्र शाबूत दिसतं. प्लेट जागेवर असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात, फिरली की सुटतात.

आता तपासणी. साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या, दोन तारा जोडलेला बल्ब.

गाडी घोड्यांवर (उचलून टेकवायच्या स्टँडवर) नको, जमिनीवरच, न्यूट्रलला, हँडब्रेक लावून. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण मिटतील अशा जागी आणा, कॅमचा सपाट भाग मधोमध. मधोमध याचसाठी की प्लेट थोडी फिरली तरी पॉइंट उघडायला नकोत. किल्ली चालू. लॅम्पचं एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला. पॉइंट मिटलेले आहेत म्हणजे दिवा लागता कामा नये, कारण वीज पॉइंटमधून अर्थ होतेय.

आता व्हॅक्युमची नळी कार्बुरेटरच्या बाजूने काढा, टोक पुसा, तोंडात धरून ओढा आणि प्लेट फिरताना पाहा. दिवा लागला तर चोर सापडला. ओढून प्लेट हललीच नाही तर पडदा फाटलाय, ती वेगळी गोष्ट.

किल्ली फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापते.

नवा_गडी

मी अजून गाडी घेतलेली नाही, पण हे वाचताना रहस्यकथा वाचल्यासारखं होतंय. एक प्रश्न विचारू का? इतकं सगळं घरी करायला हत्यारं कोणती लागतात? माझ्याकडे मिलिमीटरचा पूर्ण सेट आहे.

तेलकट_हात

तो सेट या गाडीपासून लांब ठेवा, हे कळकळीने सांगतो. मायनरला बहुतेक ठिकाणी एएफ पाने (नटाच्या रुंदीचे, इंचातले) लागतात. ७/१६, १/२ आणि ९/१६ इंच हे तीन हातात असले की निम्मी गाडी उघडते. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. माझ्या गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट कोणीतरी असेच गोल करून ठेवले होते, काढायला दोन दिवस लागले.

त्याहून जुनी ब्रिटिश गाडी घेतलीत तर व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे पाने वेगळे. तिथे पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. हे न कळल्यामुळे माणसं गोंधळतात.

फिलर गेज, ग्रीस गन, टेस्ट लॅम्प, चांगला जॅक आणि चार भक्कम घोड्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. घाई असली तरी नाही, एकच मिनिट असलं तरी नाही.

आर्मेचर

पान्यांचा विषय निघालाच आहे तर : एमजीच्या टी सिरीज गाड्यांच्या इंजिनात बोल्टचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थची. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती. यंत्रं तीच ठेवली, पण गॅरेजवाल्यांचे पाने बसावेत म्हणून डोकी ब्रिटिश मापाची केली. तिथे हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट चालतच नाही.

नव्या गड्यासाठी आणखी एक. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड अर्थची पट्टी लागते. मी एकदा गिअरबॉक्स काढून पुन्हा बसवला आणि ती पट्टी लावायची राहिली. स्टार्टर दाबला, इंजिन कण्हल्यासारखं फिरलं आणि चोकच्या केबलमधून धूर आला. स्टार्टरचा सगळा करंट त्या बारीक केबलमधून वाट काढत होता. तेव्हापासून कुठलीही गाडी मंद फिरली की बॅटरीच्या आधी मी चोकच्या केबलला हात लावून बघते. गरम लागली तर पट्टी सैल किंवा गंजलेली.

रानजाई

नवा गडी, गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. ए-सिरीज इंजिन दुरुस्त होतं, भाग मिळतात. पत्रा बघा. दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायची जागा, मागच्या स्प्रिंगचे हँगर. गालिचा उचलून बघू देत नसतील तर चहा पिऊन परत या.

ट्रॅव्हलर घेणार असाल तर लाकूड. ती अॅश झाडाच्या लाकडाची चौकट नुसती शोभेची नाही, मागचा अर्धा भाग तिच्याच आधाराने उभा असतो. सांध्याजवळ काळे डाग दिसले की आत कुजलेलं समजा. माझ्या गाडीच्या चाकांवरच्या दोन कमानी मी मागच्या वर्षी बदलल्या. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मुळातून न बदललेल्या गाड्यांना एमओटीची (वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, तरी मी दर वर्षी स्वतःहून नेते. गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवायची जबाबदारी कायद्याने आपलीच राहते, आणि दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं ते आपल्या लाडक्या गाडीत आपल्याला दिसत नाही.

ओळंबा

रानजाई, लाख बोललात. मायनरच्या बाबतीत तो दुसरा डोळा पुढच्या ट्रनियनकडे गेला पाहिजे. चाकाचा उभा दांडा वर-खाली आटे असलेल्या ट्रनियनमध्ये फिरतो. आटे ग्रीसवर जगतात. कोरडे राहिले की झिजतात, आणि एक दिवस खालचा दांडा निसटून चाक आडवं होतं. बहुधा गाडी लावताना, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होतं, पण भर रस्त्यातही झालेलं मी पाहिलंय. ग्रीस करताना चाक उचलून लोंबतं ठेवा. वजन आट्यांवर असेल तर ग्रीस जिथे हवं तिथे शिरत नाही.

मायनर१०९८

सापडला!

आज सकाळी काकांनी सांगितलं तसंच केलं. मुलीला दिव्याकडे लक्ष ठेवायला उभं केलं. पॉइंट मिटलेले, दिवा बंद. नळी तोंडात धरून ओढली आणि ती ओरडली, "बाबा, लागला!" सोडली, विझला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

प्लेट बाहेर काढली. अर्थची छोटी तार दिसायला अगदी ठणठणीत. चिमट्याने हळूच ताणली तर आवरण रबरासारखं लांबलं. आत तांबं दोन तुकड्यांत.

सहा महिने मी ज्याच्या मागे होतो ते बोटाच्या पेराएवढ्या तारेत होतं. आणि जी माहिती लागत होती, चढावर बंद पडत नाही ही, ती पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होती.

तार कुठली घालू? आणि काका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असतं तर हे गेलं असतं का?

ओळंबा

शाब्बास, आणि मुलीलाही माझ्याकडून शाबासकी.

गेलं नसतं. तो मोड्यूलही त्याच प्लेटवर बसतो आणि अर्थ त्याच तारेतून घेतो. पुन्हा सपाटीवर बंद पडली असती आणि तुम्ही मोड्यूलला दोष दिला असता.

तार खूप बारीक धाग्यांची, मऊ घ्या. टोकांना डाग देऊ नका. डागाचं कथील तारेत चढतं, तिथे ती कडक होते आणि नेमकी त्या कडेला तुटते. दाबून बसवायची टोकं वापरा. लांबी अशी ठेवा की प्लेट पूर्ण फिरली तरी तार ताणली जाऊ नये, आणि सैल भाग कॅमला घासू नये. दुसरी, कॉइलकडून येणारी तारही आत्ताच बदला, वय तिचंही तेवढंच आहे. शेवटी पॉइंटचा गॅप पुन्हा मोजा आणि टायमिंग तपासा.

तेलकट_हात

कंडेन्सरवर अडून बसलो होतो, ते चुकलं माझं. ही तपासणी मी लिहून घेतली.

मायनरदादा, वही सुरू केलीच आहे तर टॅपेटचे आकडेही तारखेसकट लिहीत जा. इंग्लंडात २००० पासून शिसेवालं पेट्रोल बंद आहे. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या नसतील तर एक्झॉस्टच्या सीट हळूहळू खचतात, आणि खचल्या की गॅप कमी होत जातो. एकदा मोजून काही कळत नाही. दर वेळी त्याच व्हॉल्व्हचा गॅप कमी भरला तर हेड काढायची वेळ जवळ आली. मोजताना नऊची बेरीज लक्षात ठेवा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला मोजायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा.

आणि पेट्रोल ई-५ चंच (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) घाला. सप्टेंबर २०२१ पासून साध्या पंपावर ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. तुमचे पाइप नवे आहेत, पण कार्बुरेटरच्या आतली सीलं कोणत्या काळातली आहेत कोण जाणे.

मायनर१०९८

दोन्ही तारा बदलल्या, पॉइंट ०.०१५, टायमिंग ठीक. काल सपाटीच्या रस्त्याने ५२ मैल फिरून आलो, मुद्दाम हलक्या पायाने. एकदाही बंद पडली नाही. पूर्वी चाळीसवर असताना मन सारखं थांबायची जागा शोधत असायचं, काल कुंपणापलीकडची शेतं दिसली.

घरी आल्यावर एसयू कार्बुरेटरचा पिस्टन, त्याची उचलायची पिन दाबून, किंचित उचलून पाहिला. आवाज क्षणभर वाढला आणि पुन्हा जागेवर आला, म्हणजे मिश्रण बरोबर. ताईंनी सांगितलेली कॉइलची दुरुस्ती आणि हे मिळून आयडल इतकं शांत झालंय की बोनेटवर ठेवलेला पाना वाजत नाही.

मुलीने बोनेटवरून हात फिरवत विचारलं, मध्ये ही सपाट पट्टी कशाला?

रानजाई

तिला सांगा, गाडी जवळजवळ तयार झाल्यावर तिचे रचनाकार इसिगोनिस यांना ती अरुंद वाटली. त्यांनी नमुना उभा मधोमध कापायला लावला, दोन्ही अर्धे सरकवून बघितले आणि चार इंचांवर थांबले. बोनेटमध्ये भर घातली ती ही पट्टी. बंपर तर आधीच तयार झाले होते, म्हणून १९४८ च्या पहिल्या गाड्यांच्या बंपरला मधोमध जोड दिलेला असे.

मायनर१०९८

सांगितलं. आता ती पट्टीची रुंदी मोजायला टेप घेऊन गेलीय.

काका, उद्या पुढची चाकं उचलतोय. ट्रनियनचं ग्रीस जुनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं ना? डाव्या बाजूच्या खालच्या निपलमध्ये ग्रीस शिरतच नाहीये, गन मागे ढकलते.

ओळंबा

हो, नवं दिसेपर्यंत. शिरत नसेल तर आधी निपल काढून नवा लावा, बहुतेक वेळा तोच बुजलेला असतो. तरीही शिरलं नाही तर आतलं ग्रीस दगड झालंय. मग ट्रनियन खोलून आटे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नका. खोललात की फोटो टाका.